वंश कीं निवाडपत्र? वकील सखाराम गणेश पंडित यांचे दोन युक्तिवाद

प्रस्तुत लेखाचा विषय या त्रैमासिकाच्या वाचकांस प्रथमदर्शनीं परका वाटेल. यांत बखर नाहीं, शकावली नाहीं, ताम्रपट नाहीं. घटना घडल्या त्या कॅलिफोर्निया, ऑरेगॉन व वॉशिंग्टन येथें, आणि कागद आहेत ते अमेरिकन कोर्टांच्या दप्तरांतले. तथापि वाद ज्या मुद्द्यावर लढला गेला तो मुद्दा वतनाच्या तंट्यांचे कागद चाळणाऱ्या कोणासही ओळखीचा आहे. परमुलुखांत वस्ती करून राहिलेल्या मनुष्याचा तेथील हक्क कशानें सिद्ध व्हावा, त्याच्या कुळानें कीं त्याच्या हातांतील निवाडपत्रानें, असा तो प्रश्न. सखाराम गणेश पंडित या हिंदी वकिलांनीं हा प्रश्न अमेरिकेच्या कोर्टांपुढें दोन रीतींनीं मांडला. एकदां दुसऱ्याकरितां, कुळाच्या आधारानें. आणि एकदां स्वतःकरितां, निवाड्याच्या आधारानें. पहिल्या वेळीं हार झाली, दुसऱ्या वेळीं जय मिळाला. या दोन युक्तिवादांची तुलना करणें हा या लेखाचा हेतु आहे.

परदेशीं कायमचें राहूं पाहणाऱ्या मुलाकरितां तिकडे वकील कसा निवडावा, असें आमचे जुने विद्यार्थी आम्हांस अधूनमधून विचारतात. आम्ही आयुष्यभर संस्कृत शिकविलें. कायदा हा आमचा विषय नव्हे. परंतु या दोन दाव्यांची हकीकत आम्हांस सांगतां येते, आणि तींत त्या प्रश्नाचें बरेंचसें उत्तर आलेलें आहे असें आम्हांस वाटतें.

(१) कायद्याची स्थिति

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत परकीयास नागरिक करून घेण्याविषयींचा पहिला कायदा १७९० सालीं झाला. त्यानें हा अधिकार 'स्वतंत्र गोऱ्या मनुष्या'पुरता मर्यादित ठेवला. यादवी युद्धानंतर, १८७० सालीं, आफ्रिकेंत जन्मलेल्या व आफ्रिकी वंशाच्या लोकांस तो देण्यांत आला. १८८२ च्या कायद्यानें चिनी लोकांस नांव घेऊन वगळलें. बाकीच्या आशियावासीयांविषयीं कायदा मुका होता, आणि 'गोरा' म्हणजे कोण याची व्याख्या त्यांत कोठेंच नव्हती. तेव्हां अर्ज ज्या न्यायाधीशापुढें येई त्याच्या समजुतीवर निकाल अवलंबून राही.

हिंदी लोकांच्या अर्जांवरील निकाल पाहिले म्हणजे ही अनिश्चितता ध्यानांत येते. पारशी गृहस्थ भिकाजी बलसारा यांस न्यूयॉर्क येथील कोर्टानें १९०९ सालीं नागरिक करून घेतलें. सरकारनें अपील केलें, त्यांत १९१० सालीं तोच निकाल कायम झाला. बंगाली गृहस्थ अक्षयकुमार मजुमदार यांस १९१३ सालीं वॉशिंग्टन संस्थानांत नागरिकत्व मिळालें. उलटपक्षीं १९१७ सालीं पेन्सिल्व्हानियांतील कोर्टानें एका हिंदी अर्जदारास नकार दिला, आणि १९१९ सालीं दक्षिण कॅलिफोर्नियांतील कोर्टानें दुसऱ्या एकास होकार दिला. कायदा एकच, अर्जदार एकाच देशाचे, आणि निकाल मात्र कोर्टागणिक निराळा.

नागरिकत्व हा केवळ मानाचा विषय नव्हता. कॅलिफोर्नियाच्या १९१३ च्या कायद्यानें, जो परकीय नागरिकत्वास अपात्र, त्यास शेतजमिनीची मालकी वर्ज्य केली. १९२० च्या कायद्यानें खंडानें जमीन करण्याची वाटही बंद केली. ता. ५ फेब्रुवारी १९१७ च्या कायद्यानें आशियाच्या नकाशावर एक पट्टा आंखून त्यांतील लोकांस प्रवेशबंदी केली. हिंदुस्थान त्या पट्ट्यांत आला. त्यापूर्वीं जे येऊन राहिले होते त्यांस कोणी लगेच हांकलून दिलें नाहीं, परंतु बायकामुलांस बोलावून घेणें दुरापास्त झालें, आणि एकदां मायदेशीं गेल्यास परत येतां येईल याची शाश्वति उरली नाहीं. आज कायम वास्तव्याच्या परवान्यानें जें स्थैर्य मिळतें, तें त्या काळीं हिंदी मनुष्यास नागरिकत्वाखेरीज दुसऱ्या कशानेंही मिळण्यासारखें नव्हतें. म्हणून नागरिकत्वाचा अर्ज हाच खरोखर कायमच्या वस्तीचा अर्ज होता.

(२) वकिलाची अडचण

अशा स्थितींत चांगला वकील मिळणें अगत्याचें होतें, आणि तेंच कठीण होतें. अमेरिकेच्या उत्तरेस कॅनडांत याच सुमारास जें घडलें त्यावरून ही अडचण स्पष्ट होते. कॅनडा सरकारनें १९०८ पासून असे हुकूम काढले कीं, येणारानें आपल्या जन्मदेशाहून मध्यें कोठें न उतरतां एकसरळ प्रवास करून यावें, व आशियावासीयानें जवळ २०० डॉलर दाखवावे. हिंदुस्थानाहून तसें थेट जहाजच नव्हतें. म्हणजे शब्दांत बंदी नसून परिणामीं ती होतीच. व्हँकुव्हरच्या हिंदी लोकांनीं जे. एडवर्ड बर्ड नांवाचा वकील दिला, आणि नोव्हेंबर १९१३ मध्यें मुख्य न्यायाधीश हंटर यांनीं हे हुकूम मूळ कायद्याशीं जुळत नाहींत म्हणून परत पाठविण्याचे आदेश रद्द केले. सरकारनें लागलीच हुकुमांची शब्दरचना दुरुस्त करून घेतली.

पुढें ता. २३ मे १९१४ रोजीं ३७६ उतारूंचें 'कोमागाटा मारू' जहाज व्हँकुव्हर बंदरांत आलें. बहुतेक उतारूंस धक्क्यावर पाय ठेवूं दिला नाहीं. किनाऱ्यावरील हिंदी लोकांनीं वर्गणी जमवून जहाजाच्या भाड्याचे पैसे भरले व पुन्हां बर्ड यांसच वकील दिलें. पण वकिलाची व अशिलांची मोकळेपणीं भेट होऊं दिली जाईना. शेवटीं मुनशी सिंग या एकाच उतारूचा दावा नमुन्यादाखल चालविण्यांत आला, आणि ता. ६ जुलै रोजीं अपील कोर्टाच्या पांचही न्यायाधीशांनीं तो एकमतानें फेटाळला. ता. २३ जुलै रोजीं जहाज परत फिरलें. वकील होता, त्याची निष्ठाही होती. परंतु ज्या हुकुमांतील दोषांवर पहिला जय मिळाला होता ते दोष आतां बुजविले गेले होते, आणि अशिलास आपली हकीकत वकिलास सांगण्याचीही सोय नव्हती.

संयुक्त संस्थानांत हिंदी लोकांस स्वतःच्याच देशाचा एक वकील लाभला. सखाराम गणेश पंडित यांचा जन्म १८७५ सालीं अहमदाबाद येथें झाला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ते अमेरिकेंत गेले व तेथें कांहीं काळ हिंदु तत्त्वज्ञान व अध्यात्म यांवर व्याख्यानें देत. १९१४ सालीं लॉस एंजेलिसच्या सुपीरियर कोर्टानें त्यांस नागरिकत्व दिलें. १९१७ सालीं कॅलिफोर्नियांत त्यांस वकिलीची सनद मिळाली. पुढें त्यांनीं एका अमेरिकन बाईंशीं विवाह केला. नांवाची घडण मराठी कानास घरची वाटते. परंतु केवळ नांवावरून कुळ ठरविणें हें या लेखाच्या आशयाशींच विसंगत होईल, म्हणून तो मोह आम्ही आवरतों.

सनद व नागरिकत्व यांचा संबंध येथें लक्षांत ठेवला पाहिजे. जो परकीय नागरिक होण्यास अपात्र, त्यास कॅलिफोर्नियांत वकिली करतां येत नसे. हाँग येन चांग या चिनी कायदेपंडिताकडे न्यूयॉर्कची सनद असतांही १८९० सालीं कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टानें त्यांस याच कारणास्तव नाकारलें. तो अन्याय त्याच कोर्टानें २०१५ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनीं, सनद देऊन निस्तरला. म्हणजे पंडित दुसऱ्यांच्या नागरिकत्वाकरितां ज्या जमिनीवर उभे राहून भांडत, ती जमीन म्हणजे त्यांचें स्वतःचें नागरिकत्व होतें. तें गेलें असतें तर वकीलही गेला असता.

(३) पहिला युक्तिवाद : वंश

भगतसिंग थिंड हे अमृतसर जिल्ह्यांतील शीख. १९१३ सालीं ते अमेरिकेंत आले व १९१८ सालीं अमेरिकन सैन्यांत दाखल झाले. त्यांस त्याच वर्षीं नागरिकत्व मिळालें आणि थोड्याच दिवसांत काढून घेण्यांत आलें. त्यांनीं ऑरेगॉनांत पुन्हां अर्ज केला. १९२० सालीं तेथील जिल्हा कोर्टानें, सरकारी परीक्षकाचा विरोध असतांही, तो मान्य केला. सरकारनें तें प्रमाणपत्र रद्द करण्याकरितां दावा लावला. तो खालीं फेटाळला गेल्यावर अपील झालें. आणि अपील कोर्टानें दोन प्रश्न काढून ते वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टाकडे पाठविले. त्यांतील मुख्य प्रश्न असा होता कीं, अमृतसर येथें जन्मलेला, पूर्ण हिंदी रक्ताचा, उच्च जातीचा 'हिंदु' हा कायद्याच्या अर्थानें गोरा मनुष्य होय कीं नाहीं? शिखास हिंदु म्हटलें याचें नवल वाटूं नये; त्या काळच्या अमेरिकन भाषेंत हिंदुस्थानचा प्रत्येक मनुष्य 'हिंदु'च होता.

थिंड यांच्या वकिलांत पंडित होते. लेखी युक्तिवादावर त्यांचें नांव आहे. त्यांच्या बाजूस एक नवा आधारही होता. तीनच महिन्यांपूर्वीं, ता. १३ नोव्हेंबर १९२२ रोजीं, वीस वर्षांहून अधिक काळ अमेरिकन मुलुखांत राहिलेले जपानी गृहस्थ ताकाओ ओझावा यांचा अर्ज याच कोर्टानें फेटाळला होता. कारण असें दिलें कीं, 'गोरा' याचा अर्थ केवळ कातडीचा रंग नव्हे. गोरा म्हणजे 'कॉकेशियन' वंशाचा, आणि जपानी मनुष्य तसा नाहीं. तेव्हां थिंड यांच्या पक्षानें म्हटलें : ठीक, हेंच माप लावा. त्या काळचे मानववंशशास्त्रज्ञ उत्तर हिंदुस्थानांतील लोकांस कॉकेशियन वंशांत धरतात. पंजाब हें आर्यांच्या पहिल्या वस्तीचें स्थान. आर्यभाषांचें कुटुंब युरोपपासून हिंदुस्थानापर्यंत एकच आहे. आणि वरिष्ठ जाति आपल्या जातीबाहेर सोयरीक करीत नसल्यामुळें त्यांचें रक्त शुद्ध राहिलें आहे.

ज्यानें संस्कृताचें अध्यापन केलें त्यास हा युक्तिवाद वाचतांना संकोच वाटल्यावांचून राहत नाहीं. 'आर्य' शब्द आपल्या वाङ्मयांत प्रामुख्यानें आचाराचा व मानाचा आहे. नाटकांत सूत्रधार नटीस 'आर्ये' म्हणून हांक मारतो तेव्हां तिच्या कवटीचें माप कोणी घेत नाहीं. धातु व प्रत्यय यांच्या साम्यावरून भाषांचें कुटुंब सिद्ध होतें. बोलणाऱ्यांचें रक्त सिद्ध होत नाहीं. ज्या मॅक्स मुल्लर यांच्या ग्रंथांनीं 'आर्य' शब्द युरोपांत घरोघर नेला, त्यांनींच १८८८ सालीं बजावलें होतें कीं हा शब्द भाषेपुरता आहे, वंशाकरितां तो वापरणें शास्त्रास धरून नाहीं.

कोर्टानें नेमकें हेंच छिद्र धरलें. ता. १९ फेब्रुवारी १९२३ रोजीं न्यायमूर्ति सदरलँड यांनीं सर्वांच्या वतीनें निकाल दिला. आर्य ही संज्ञा भाषेची आहे, शरीराची नव्हे; भाषा एक म्हणून वंश एक असें होत नाहीं; हिंदुस्थानांत आर्यांचा व इतरांचा संकर शतकानुशतकें होत आला आहे. येथवर कोर्टाचें भाषाशास्त्र निर्दोष आहे. परंतु पुढची पायरी तशी नाहीं. कॉकेशियन शब्दाचा शास्त्रांतील अर्थ कांहींही असो, कायद्यांतील 'गोरा' शब्द सामान्य मनुष्य ज्या अर्थानें वापरतो त्याच अर्थानें घ्यावयाचा, आणि त्या अर्थानें हिंदी मनुष्य गोरा नव्हे, असें कोर्टानें ठरविलें. १९१७ सालीं कायदेमंडळानें हिंदुस्थानास बंदीच्या पट्ट्यांत घातलें, यावरून लोकांचें मत काय तें दिसतेंच, असेंही म्हटलें. ओझावा यांस शास्त्राच्या मापानें बाहेर ठेवलें, आणि थिंड त्या मापांत बसतात असें दिसूं लागतांच मापच बदललें. हा निकाल लिहिणारे सदरलँड स्वतः इंग्लंडांत जन्मून लहानपणीं अमेरिकेंत आलेले होते, ही गोष्ट नमूद करण्याजोगी आहे.

तथापि या युक्तिवादाचा दोष केवळ भाषाशास्त्रीय नव्हता. वर्णभेदाचें दार आमच्याकरितां उघडा, कारण आम्हीही आमच्या घरीं तेंच दार इतरांस लावून घेतों, असा त्याचा मथितार्थ होता. जातीची कठोरता हा ज्या पक्षानें आपल्या पात्रतेचा पुरावा म्हणून दिला, त्यास दुसऱ्याच्या कठोरतेविरुद्ध न्याय कोणत्या तोंडानें मागतां यावा? कायद्याचे शब्द तसे होते व वकिलास त्या शब्दांच्या चौकटींतच बोलणें भाग होतें, हें आम्ही विसरत नाहीं. परंतु आमच्यासारख्या कुळें व वंशावळी धुंडाळणाऱ्यांनीं या निकालाकडे आरसा म्हणून पाहावें, इतकें म्हटल्यावांचून राहवत नाहीं.

(४) निकालाचे परिणाम

निकालाबरोबर सरकारनें पूर्वीं दिलेलीं प्रमाणपत्रें परत घेण्याचे दावे सुरू केले. १९०६ च्या कायद्यांत, लबाडीनें किंवा बेकायदा मिळविलेलें नागरिकत्व रद्द करण्याची तरतूद होती. हिंदी मनुष्य गोरा नाहीं असें आतां ठरलें, तेव्हां त्यास पूर्वीं दिलेलें प्रमाणपत्र मुळांतच बेकायदा, असा सरकारचा पक्ष. मजुमदार यांचें नागरिकत्व गेलें. आणखीही अनेकांचें गेलें. कॅलिफोर्नियांत जमिनीच्या कायद्याचा बडगा हिंदी शेतकऱ्यांवर आला. ज्या अमेरिकन स्त्रियांनीं अपात्र ठरलेल्या पुरुषांशीं विवाह केला होता, त्यांच्या स्वतःच्या नागरिकत्वासही धोका उत्पन्न झाला. कारण १९२२ च्या कायद्यानें अशा विवाहाचें फळ तेंच ठरविलें होतें, व तें कलम १९३१ पर्यंत राहिलें.

यांतील सर्वांत करुण हकीकत वैष्णोदास बगाई यांची. पेशावरचे हे गृहस्थ १९१५ सालीं पत्नी व तीन मुलगे यांसह सॅन फ्रान्सिस्को येथें आले, दुकान घातलें, १९२१ सालीं नागरिक झाले. नागरिकत्व काढून घेतल्यावर त्यांचा व्यापार व मालमत्ता यांवर गदा आली. ब्रिटिश प्रजा म्हणून पुन्हां नोंद करून घेणें त्यांस रुचणारें नव्हतें, आणि अमेरिकन म्हणून आतां कोणी ओळखीत नव्हतें. १९२८ सालीं त्यांनीं आत्महत्या केली. आपण असें कां करीत आहों याचें कारण सांगणारें त्यांचें पत्र तेथील वृत्तपत्रांत छापून आलें. तो कागद आज इतिहासाचें साधन झाला आहे. त्याची किंमत काय पडली हें विसरून तो वाचतां येत नाहीं.

(५) दुसरा युक्तिवाद : प्राङ्न्याय

या दाव्यांच्या लाटेंत १९२३ सालींच पंडितांवरही दावा आला. जो वकील इतरांकरितां उभा राहत असे तोच आतां प्रतिवादी झाला. येथें त्यांनीं दुसरी वाट धरली.

आपल्या व्यवहारशास्त्रांत वादीच्या फिर्यादीस प्रतिवादीचें उत्तर चार प्रकारचें सांगितलें आहे. संप्रतिपत्ति म्हणजे कबुली. मिथ्या म्हणजे नाकबुली. प्रत्यवस्कंदन म्हणजे गोष्ट मान्य करून तिच्यावर दुसरें कारण दाखविणें. आणि चौथा प्रकार प्राङ्न्याय, म्हणजे हाच वाद याच पक्षकारांत पूर्वीं तुटला आहे व त्यांत तूं हरला आहेस असें म्हणणें. थिंड यांच्या दाव्यांतील उत्तर मिथ्या या प्रकारचें होतें : आम्ही गोरे नाहीं हें म्हणणें खोटें. सुप्रीम कोर्टाकडे जे दोन प्रश्न गेले ते वंशाचे व १९१७ च्या कायद्याचे होते. पूर्वींच्या निवाड्याचें बळ किती, हा प्रश्न त्या कोर्टापुढें गेलाच नाहीं. पंडितांनीं स्वतःच्या दाव्यांत प्राङ्न्याय पुढें केला.

त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें. १९१४ सालीं अधिकार असलेल्या कोर्टानें माझा अर्ज ऐकून निवाडा केला. मी कोण व कोठला हें तेव्हां उघड होतें. कांहीं लपविलें नाहीं, कोणास फसविलें नाहीं. अर्जाच्या वेळीं हजर राहून विरोध करण्याचा अधिकार १९०६ च्या कायद्यानेंच सरकारास दिला होता. निवाडा चुकला असें वाटत होतें तर अपील करावयाचें होतें. तें केलें नाहीं. आतां नऊ वर्षांनीं, दुसऱ्याच्या दाव्यांतील निकाल दाखवून, माझा तुटलेला वाद पुन्हां उघडतां येणार नाहीं. सुप्रीम कोर्टानें १९१२ सालीं एका दाव्यांत, खोट्या साक्षीनें एकतर्फी मिळविलेलें प्रमाणपत्र पुढें रद्द करतां येतें असें म्हटलें होतें खरें; परंतु एकतर्फी हुकूम निराळा आणि रीतसर विचार करून दिलेला निवाडा निराळा, हा फरक आपल्या निवाडपत्रांच्या अभ्यासकांस सांगावयास नको.

याला जोडून दुसरा मुद्दा होता. त्या निवाड्यावर विश्वासून पंडितांनीं आपलें सर्व आयुष्य मांडलें होतें. सनद घेतली, विवाह केला, घर केलें. नागरिकत्व गेल्यास ते कोणत्याच देशाचे राहिले नसते, धंदा गेला असता, पत्नीच्या नागरिकत्वासही बाध आला असता. ज्याच्या वचनावर दुसऱ्यानें आपली स्थिति बदलली, त्यास तें वचन मागून फिरवतां येऊं नये, हें इंग्रजी न्यायांतील तत्त्व त्यांनीं सरकारासही लावा असें म्हटलें. याज्ञवल्क्यानें मनुष्यकृत प्रमाणें तीन सांगितलीं आहेत, लिखित, भुक्ति व साक्षी. पंडितांजवळ लिखित होतें तें कोर्टाचें प्रमाणपत्र. आणि नऊ वर्षांचा उघड, अखंड भोगवटा ही भुक्ति. वंशाचा प्रश्न त्यांनीं वादाच्या मध्यावरून दूर सारला. मी गोरा आहें कीं नाहीं हें आतां पाहूंच नका. तें पाहण्याची वेळ १९१४ सालीं होती व तेव्हां तें पाहून झालें, असा त्या उत्तराचा अर्थ.

जिल्हा कोर्टानें सरकारचा दावा फेटाळला. १९२६ सालीं अपील कोर्टानें तोच निकाल कायम केला. सरकार सुप्रीम कोर्टाकडे गेलें. १९२७ सालीं त्या कोर्टानें प्रकरण हातीं घेण्याचें नाकारलें. ज्या कोर्टानें चार वर्षांपूर्वीं वंशाचा युक्तिवाद मोडून काढला होता, त्याच्याच दारांतून निवाडपत्र घेऊन पंडित सुखरूप परत आले. त्यानंतर हिंदी लोकांवरील राहिलेले दावे सरकारनें सोडून दिले, आणि ज्यांचें नागरिकत्व अद्याप रद्द झालें नव्हतें त्यांचें बचावलें. ज्यांचें आधींच गेलें होतें त्यांस मात्र या जयाचा लाभ झाला नाहीं. थिंड यांस तर १९३५ च्या, महायुद्धांतील शिपायांकरितां केलेल्या कायद्याची वाट पाहावी लागली. १९३६ सालीं न्यूयॉर्क येथें ते तिसऱ्यांदा, व या वेळीं कायमचे, नागरिक झाले.

वंशाची अट पुढें कायदेमंडळानेंच काढली. ता. २ जुलै १९४६ च्या कायद्यानें हिंदी लोकांस नागरिक होण्याचा अधिकार व वर्षास १०० जणांच्या प्रवेशाची मर्यादा मिळाली. १९५२ च्या कायद्यानें नागरिकत्वाच्या बाबतींतील वंशभेद सर्वांसाठींच संपला. १९६५ च्या कायद्यानें देशवार ठरविलेले जुने प्रवेशाचे वांटे गेले. पंडित १९५९ सालीं लॉस एंजेलिस येथें वारले, म्हणजे यांतील पहिलीं दोन पावलें त्यांनीं पाहिलीं.

(६) उपसंहार

या हकीकतीवरून काय निष्पन्न होतें? मराठेशाहींतील तंट्यांत पक्षकार गोतापुढें करीना लिहून देत, त्यांत मूळपुरुषापासूनची कहाणी असे. ती कहाणी कितीही भव्य असली तरी महजर होतांना गोत विचारी तें हेंच कीं, कागद काय आहेत, भोगवटा कोणाचा, पूर्वीं निवाडा झाला आहे काय, व हरलेल्यानें यजितखत दिलें आहे काय. पंडितांचा पहिला युक्तिवाद करीन्याच्या जातीचा होता, दुसरा महजराच्या. परक्या राज्यांत राहणाऱ्याचें संरक्षण त्याच्या पूर्वजांच्या थोरवीनें होत नाहीं. त्या राज्याच्याच अधिकाऱ्यानें, त्याच राज्याच्या कायद्याप्रमाणें, ज्यावर सही केली त्या कागदानें होतें. आणि राज्यानें स्वतःचा शब्द पाळावा, ही मागणी करतांना दुसऱ्या कोणास खालीं लोटावें लागत नाहीं. आमच्या मतें दुसऱ्या युक्तिवादाची हीच खरी श्रेष्ठता.

आतां जुन्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नाविषयीं. काळ बदलला आहे. अमेरिकेंत नोकरीच्या आधारें कायम वास्तव्याचे परवाने वर्षास साधारण १,४०,००० दिले जातात, आणि त्यांत कोणत्याही एका देशाच्या वाट्यास शेंकडा सातांहून अधिक येऊं नयेत अशी अट आहे. म्हणून हिंदुस्थानांत जन्मलेल्यांस वर्षानुवर्षें तिष्ठावें लागतें. हा वंशाचा निषेध नव्हे, तरी वाट पाहणें आहे, आणि वाट पाहणाराचा आधार त्याचे कागदच असतात. तेथील प्रवेश-निवासाच्या कोर्टांत वकील देतां येतो, पण तो सरकारी खर्चानें मिळत नाहीं. सनद असलेला वकील, किंवा मान्य संस्थेतर्फे सरकारची अधिकृत परवानगी घेतलेला प्रतिनिधि, यांसच हें काम करतां येतें. 'नोटरी' म्हणवून घेणारा मनुष्य तेवढ्यानें वकील होत नाहीं. सनद खरी कीं खोटी हें त्या त्या संस्थानाच्या वकीलमंडळाकडे पाहतां येतें. इतकें पाहून झाल्यावर आणखी एक कसोटी या इतिहासावरून सुचते. जो पहिल्याच भेटींत मोठें आश्वासन देतो त्यापेक्षां, आजवर कोणते अर्ज केले, त्यांवर काय हुकूम झाले, कोणत्या तारखेस कोठें होतां, मुदतींत अपील झालें काय, असें विचारून प्रत्येक कागद हातीं घेऊन वाचणारा वकील बरा. पंडितांस जय मिळाला तो तेरा वर्षांपूर्वींच्या एका कागदावर. तो अपिलावांचून अंतिम झालेला आहे, हें ज्यानें पाहिलें त्यानेंच दावा जिंकला.

शेवटीं वाचकांस एक विनंती. परदेशीं वस्तीस गेलेल्या मंडळींचीं पत्रें, पारपत्रें, जहाजाचीं तिकिटें, प्रवेशाचे व नागरिकत्वाचे दाखले, वकिलांशीं झालेला पत्रव्यवहार असे कागद महाराष्ट्रांतील अनेक घरांत पेट्यांच्या तळाशीं पडून असतील. ते इंग्रजीत आहेत व अलीकडचे आहेत, म्हणून रद्दींत जातात. आपल्या मंडळाच्या दप्तरांत मोडी रुमालांशेजारीं त्यांसही जागा असावी. ज्यांजवळ असे कागद असतील त्यांनीं ते, निदान त्यांच्या नकला, मंडळाकडे पाठवाव्या. शंभर वर्षांपूर्वींच्या कागदास आपण जो मान देतों तोच या कागदांस पुढील शंभर वर्षांनीं लाभेल. आणि कदाचित् तत्पूर्वींच त्यांतील एखादा कोणा जिवंत मनुष्याच्या उपयोगीं पडेल.